ओप्राच्या शाळेतल्या चादरी आणि वाचनालयाची किल्ली

मागच्या वेळी मी अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाळेवर लिहिलं आणि शेवटी "मला ती उधळपट्टी वाटत नाही" असं एक वाक्य टाकून मोकळा झालो, झालं, तेव्हापासून मेल थांबेनात. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००० च्या डिसेंबरमध्ये ओप्रा नेल्सन मंडेलांच्या घरी पाहुणी म्हणून गेली होती, तिथे तिने शाळा बांधायचा शब्द दिला, आधी बोलली १ कोटी डॉलर आणि होता होता लागले ४ कोटी. २ जानेवारी २००७ ला जोहान्सबर्गच्या दक्षिणेला हेन्ली ऑन क्लिप नावाच्या गावात गरीब घरातल्या हुशार मुलींची निवासी शाळा उघडली, मंडेला स्वतः आले, टीना टर्नर, मराया कॅरी वगैरे मंडळी पण होती. आणि मी कोण हे विचारणाऱ्यांसाठी: शाळा-संस्थांची ऑडिटं करतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळे मला भिंती कमी दिसतात आणि व्हाउचर जास्त.

प्रश्न: सर, योगा रूम, ब्युटी सलून, थिएटर, चादरीसुद्धा मॅडमनी स्वतः निवडलेल्या! एवढ्या पैशात शंभर साध्या शाळा झाल्या असत्या. ही चैन नाही तर काय? (एक वाचक, पुणे)

आधी भागाकार करू. ४ कोटी डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण पावणेदोनशे कोटी रुपये. पहिल्या वर्षी मुली होत्या १५२, म्हणजे एकीच्या वाट्याला २ लाख ६३ हजार डॉलर, कुणाचंही डोकं फिरेल. पण इमारत काय एका वर्षासाठी बांधतात का? वर्षाला ७५ मुलींची बॅच धरा, इमारत तीस वर्षं टिकेल असं धरा, तोच आकडा १८ हजारांच्या खाली येतो. आम्ही याला घसारा म्हणतो, आणि पेपरात घसारा कधी छापून येत नाही, चादरी येतात.

शंभर शाळांचं म्हणाल तर भिंती झाल्या असत्या हो, पण त्या शंभर शाळांतल्या मास्तरांचे पगार कुणी दिले असते? सरकारनेच ना. आणि तिथलं सरकार शिक्षणावर दरवर्षी अब्जावधी डॉलर खर्च करतं, तरी २०१४ मध्ये लिम्पोपो प्रांतात पाच वर्षांचं पोर शाळेच्या खड्डा-संडासात पडून गेलं. ओप्राच्या शाळेचे पैसे तिकडे वळवले असते तर ते वाचलं असतं असं म्हणणं सोपं आहे, पण ज्या व्यवस्थेला असलेल्या पैशातून धड संडास बांधता येत नाही तिच्या हातात आणखी ४ कोटी डॉलर ठेवून संडास झाले असते याची खात्री मला तरी वाटत नाही.

आणखी एक बोलतो, कुणाला लागलं तर लागू दे. त्याच जोहान्सबर्गमध्ये पूर्वीपासून गोऱ्या श्रीमंतांच्या बोर्डिंग शाळा आहेत, हिरवीगार मैदानं, स्विमिंग पूल, प्रार्थनेला दगडी चॅपल, त्यांच्यावर कुणी "चैन" म्हणून लेख लिहीत नाही. १९५३ चा बांटू शिक्षण कायदा करून काळ्या मुलांना मुद्दाम कमी शिकवायचं हे ज्या देशात सरकारी धोरण होतं, तिथे एका काळ्या बाईने काळ्या मुलींसाठी चांगल्या चादरी घेतल्या की मात्र सगळ्यांना हिशोब आठवतो. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? गरिबाच्या पोरीला पत्र्याची शाळा चालते, आपल्या पोरांना एसी बस हवी.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. इमारत म्हणजे लग्न, एकदा वाजतगाजत होतं, पगार, किराणा, मेस, वॉर्डन, लाईट बिल हा रोजचा संसार. आणि तो संसार एका बाईच्या मर्जीवर, तब्येतीवर आणि बँक बॅलन्सवर चालत असेल तर माझ्यासारख्याला झोप लागत नाही. शाळा उघडून दहा महिने झाले नाहीत तोवर ऑक्टोबर २००७ मध्ये हॉस्टेलच्या एका कर्मचारी बाईवर मुलींचा छळ केल्याचे आरोप झाले, ओप्राला तिकडे धाव घेऊन पालकांची माफी मागावी लागली. २०१० मध्ये त्या बाई कोर्टातून निर्दोष सुटल्या, तो भाग वेगळा. पण वॉर्डन कोण आहे, तिच्यावर लक्ष कुणाचं आहे, मुलीने तक्रार करायची तर कुणाकडे, या गोष्टी तिकडे अमेरिकेत, शिकागोत बसून दिसत नाहीत, त्यासाठी गावातलं कुणीतरी कमिटीवर लागतं आणि त्या माणसाला ओप्राला "नाही" म्हणायची सोय लागते.

प्रश्न: पण रिझल्ट बघा ना, पहिल्या बॅचच्या सगळ्या मुली पास! मग पैसा सार्थकी लागला हे सिद्धच झालं. (एक शिक्षिका, जि. प. शाळा, सातारा जिल्हा)

बाई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून तुम्हालाच उलट विचारतो, तुमच्या वर्गात आधी परीक्षा घेऊन, मुलाखत घेऊन हजारोंतून निवडलेली पोरं बसवली तर तुमचा रिझल्ट काय लागेल?

आकडा खरा आहे. पहिल्या बॅचच्या ७२ मुली मॅट्रिक (म्हणजे तिथली बारावी) झाल्या, सगळ्या पास, त्या वर्षी देशाचा निकाल ७० टक्क्यांच्या आसपास होता. या मुलींनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही, ज्या घरांतून त्या आल्या तिथून विद्यापीठात पोचणं म्हणजे चेष्टा नाही. पण त्या मुळातच चमकदार म्हणून उचललेल्या होत्या, त्यामुळे यातलं शाळेचं किती आणि मुलींचं किती हे १०० टक्के या आकड्यावरून कळत नाही.

आता दुसरं टोक बघा. बास्केटबॉलवाला लेब्रॉन जेम्स, त्याने २०१८ मध्ये आपल्या गावात, ओहायोतल्या अ‍ॅक्रनला 'आय प्रॉमिस' शाळा काढली. तिथे काय केलं, तर दुसरीत वाचनात सगळ्यात मागे असलेली, खालच्या पाव हिश्श्यातली पोरं घेतली. तिसरी-चौथीची २४० मुलं. सरकारी शाळाच ती, नेहमीचा खर्च जिल्ह्याचा, वरचे जादा शिक्षक, घरच्यांना धान्य, पोरांना सायकली हे त्याच्या फाउंडेशनचं. पहिल्या वर्षी कौतुकाच्या बातम्या आल्या, मुलं भराभर पुढे सरकतायत म्हणून. मग २०२३ च्या उन्हाळ्यात तिथल्या स्कूल बोर्डासमोर आकडा आला की आठवीत जाणाऱ्या बॅचमधलं एकही पोर तिसरीनंतर राज्याच्या गणिताच्या परीक्षेत पास झालेलं नाही. एकही! लोकांनी लगेच लेब्रॉनला धुतलं.

मला विचाराल तर त्याने जास्त अवघड काम अंगावर घेतलं, ज्यांना कुणी आपल्या शाळेत घेऊन आपला रिझल्ट खराब करून घेत नाही ती पोरं घेतली. पण म्हणून शून्य हा आकडा माफ होत नाही, पाच वर्षांत गणितात काय चाललंय हे कुणीतरी टेबलावर हात आपटून विचारायला हवं होतं, आणि ज्या शाळेवर एवढ्या मोठ्या खेळाडूचं नाव आहे तिथे असा प्रश्न विचारायला माणसं कचरतात हा माझा अनुभव आहे (आपल्याकडे तर शाळेला आमदारांच्या आईचं नाव असलं तरी पुरे).

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे फेसबुकवाल्या झुकरबर्गने नुअर्कच्या शाळांना १० कोटी डॉलर दिले होते, ते पाण्यात गेले असं सगळे म्हणतात. खरंच का? (एक आई, न्यू जर्सी)

ताई, अगदीच पाण्यात नाही, पण सांडले बरेच. गंमत म्हणजे ही घोषणा पण ओप्राच्याच शोमध्ये झाली, सप्टेंबर २०१० मध्ये. झुकरबर्ग तेव्हा २६ वर्षांचा, एका बाजूला डेमोक्रॅट मेयर कोरी बुकर, दुसऱ्या बाजूला रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी, टाळ्या. ज्यांच्या पोरांच्या शाळा त्या नुअर्कच्या आयाबापांना हे टीव्हीवरून कळलं. इथेच माशी शिंकली.

बाकीच्या देणगीदारांनी तेवढीच भर घातली, एकूण २० कोटी. आता हे नीट बघा. नुअर्कच्या शाळांचं वर्षाचं बजेट जवळपास १ अब्ज डॉलर होतं, म्हणजे ही ऐतिहासिक वगैरे देणगी पाच वर्षांत पसरली तर वर्षाला चारेक टक्के, भाजीत मीठ म्हणा. त्यातले जवळपास ९ कोटी शिक्षकांच्या नव्या करारात गेले, मागचे थकलेले पगार धरून. चार्टर शाळांना (पैसा सरकारी, कारभार खासगी अशा शाळा) ६ कोटींच्या आतबाहेर. आणि कन्सल्टंट लोकांनी २ कोटींच्या वर नेले, दिवसाला हजार डॉलर वगैरे रेट. झुकरबर्गला चांगल्या शिक्षकाला जास्त पगार द्यायचा होता, त्याच्या हिशोबाने ती मुख्य गोष्ट, पण कपात करायची तर आधी नव्याला काढायचं, जुन्याला नाही, हा राज्याचा कायदा होता, तो काही बदलला नाही. चेकने कायदा बदलत नाही ना.

मग शाळा बंद करा, हलवा, पोरांना शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवा असा प्लॅन आला, लोक रस्त्यावर उतरले, आणि २०१४ मध्ये याच रागावर रास बराका नावाचे एक मुख्याध्यापक मेयर म्हणून निवडून आले. २०१७ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी अभ्यास केला (त्याला पैसे झुकरबर्ग नवराबायकोच्याच संस्थेचे, हे सांगायला हवं), त्यात इंग्रजीत मुलांची प्रगती सुधारलेली दिसली, गणितात दखल घ्यावी असा फरक नाही. म्हणून म्हटलं, सगळं पाण्यात नाही.

प्रश्न: हे लोक टॅक्स वाचवायला आणि नावासाठी करतात, यात दान कसलं? (अनेकजण)

करतात. मग? १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि आईचं नाव लावलं, नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणून आज आपण एसएनडीटी म्हणतो. त्याआधी कर्वे दारोदार फिरून एकेक रुपया जमवत होते. नाव लागलं म्हणून शंभर वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या बायकांचं काय बिघडलं? मला नावाचा राग नाही, राग याचा आहे की मार्च आला की सीएसआरवाल्यांचे (नफ्यातले दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात त्या कंपन्यांचे) फोन सुरू होतात, "सर, दोन टक्क्यांतले थोडे उरलेत, चार दिवसांत कुठे देता येतील?"

प्रश्न: गायिका मॅडोनाच्या शाळेचं काय झालं पुढे? (एक वाचक, नागपूर)

झालीच नाही. आफ्रिकेतल्या मलावीत, राजधानी लिलाँग्वेजवळ दीड कोटी डॉलरची मुलींची शाळा होणार होती, मार्च २०११ मध्ये गुंडाळली, तोवर ३८ लाख डॉलर गेलेले आणि शाळा उभी नाही. आर्किटेक्ट, पगार, ऑफिस, गाड्या, त्यात एका गोल्फ क्लबची मेंबरशिप! असं व्हाउचर माझ्या हातात यायला हवं होतं. नंतर तिने दुसऱ्या संस्थेमार्फत दहा शाळा बांधल्याचं सांगितलं, तर २०१३ मध्ये तिथलं सरकार म्हणालं या शाळा नव्हेत, असलेल्या शाळांना वर्गखोल्या आहेत. दोघं भांडत बसले. मला तर वर्गखोल्याच जास्त आवडल्या, कारण तिथे मास्तर आधीपासून होते. तिचंच लहान मुलांच्या ऑपरेशनचं हॉस्पिटल, ब्लँटायरमधलं, २०१७ चं, ते तिथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला जोडून आहे.

प्रश्न: आम्ही काही सेलिब्रिटी नाही. बाबांच्या नावाने गावच्या शाळेला ५ लाख द्यायचेत, वाचनालय बांधून द्यावं असं भावाचं म्हणणं. काय करू? (एक वाचक, ठाणे)

तुम्हाला माझीच एक चूक सांगतो. एका शाळेत कुणी देणगीदाराने सुंदर वाचनालय दिलं होतं, काचेची कपाटं, नऊशे पुस्तकं. पहिल्या वर्षी मी ऑडिटला गेलो, मोजली, अकरा कमी भरली. मी शेरा मारला, "अकरा पुस्तके आढळली नाहीत, खुलासा करावा." पुढच्या वर्षी गेलो तर नऊशेच्या नऊशे जागेवर (ती अकरा सरांनी खिशातून घेऊन भरली होती), एकाचाही कोपरा दुमडलेला नाही, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. सर म्हणाले, "तुम्हीच लिहिलं होतं ना साहेब." मी काय बोलणार!

तेव्हा इमारत नको. मुंबईत १९९५ मध्ये 'प्रथम' ही संस्था सुरू झाली, त्यांनी महापालिकेच्या शाळांत बालसखी दिल्या, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास बाजूला घेऊन शिकवायच्या, मानधन तेव्हा महिना पाचशे-साडेसातशे रुपये. मुंबई आणि बडोद्यात याची रीतसर तुलना झाली, बालसखी असलेल्या वर्गांतली पोरं पुढे गेलेली दिसली. ती तपासणी करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी होते, पुढे २०१९ ला नोबेल मिळालेले (आई मराठी बरं का, पाटणकरांची).

तुमच्या गावात बारावी झालेल्या दोन मुली मिळतीलच. दोघींना प्रत्येकी महिना सहा हजार, वर्षाचे दहा महिने, म्हणजे १ लाख २० हजार, चार वर्षांचे झाले ४ लाख ८०. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून घ्या आणि पैसे बँकेत वेगळ्या खात्यात ठेवा, एका सहीवर निघणार नाहीत असे. आधी जाऊन तिथल्या बाईंना विचारा कुठली पोरं मागे आहेत, त्यांना नावानिशी पाठ असतात. उरलेल्या २० हजारांची गोष्टीची पुस्तकं घ्या, वर्गात दोरीला टांगा, आणि ती फाटली, हरवली तरी चालतील असं हेडमास्तरांना लेखी द्या, म्हणजे माझ्यासारखा कुणी आला की त्यांना तो कागद दाखवता येईल.