परदेशी पर्यटक म्हणून न्यूझीलंडमध्ये जुनी मोटरहोम विकत घेऊन नावावर करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५६, राहणार सोलापूर, मुलांची लग्नं उरकली, आता दोघांनी मिळून चार महिने न्यूझीलंड फिरायचंय. भाड्याच्या मोटरहोमचे, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीचे, आकडे ऐकून घाम फुटला. मग जुनी विकत घेऊन, स्वतःच्या नावावर करून, येताना विकता येईल का? की त्यापेक्षा युरोप बरा?

येते. मी केलंय. मीही सोलापूरचाच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना होता, लूम विकून मोकळा झालो आणि २०२४च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं ख्राइस्टचर्चला उतरलो. २००४ सालची उंच टपाची डिझेल फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेतली, पंच्याण्णव दिवस तिच्यात राहिलो आणि फेब्रुवारीअखेर विकून परत आलो. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

गाडी नावावर व्हायला लागली पंधरा मिनिटं. ऑटोमोबाईल असोसिएशनच्या, म्हणजे तिकडे ज्याला नुसतं एए म्हणतात त्यांच्या काउंटरवर गेलो, एमआर१३बी नावाचा एक पानी फॉर्म भरला, पासपोर्ट दाखवला, तिथला पत्ता लिहिला, किरकोळ फी भरली. झालं. व्हीटीएनझेड नावाची तपासणी केंद्रं आहेत, तिथंही होतं. तिथलं लायसन्स असेल तर घरबसल्या ऑनलाइन होतं. आपलं एमएच १३चं, म्हणून काउंटर. आपल्याकडं फॉर्म २९, फॉर्म ३०, एनओसी, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला छाप, हे सगळं करून केस पांढरे केलेल्या माणसाला ते पंधरा मिनिटांचं काम संशयास्पदच वाटतं. मी त्या बाईंना दोनदा विचारलं, "दॅट्स ऑल?"

आणि आपला माणूस नेमका इथंच फसतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की आरसीवर नाव म्हणजे मालक. तिथं तसं नाही. नोंदणीवर ज्याचं नाव तो गाडीला जबाबदार माणूस. मालकीचा तो पुरावा नव्हे. मालकीचा पुरावा म्हणजे तुमची पावती, करार आणि पैसे दिल्याची नोंद. आपल्याकडं गाडीवर कर्ज असलं की आरसीवरच बँकेचं नाव चढलेलं असतं, ते उतरवल्याशिवाय गाडी पुढं सरकत नाही. तिथं कर्ज असलेली गाडीसुद्धा पंधरा मिनिटांत तुमच्या नावावर होईल आणि नंतर कर्जवाला येऊन ती घेऊन जाऊ शकेल. म्हणून आधी पीपीएसआर नावाच्या सरकारी रजिस्टरवर गाडीचा नंबर टाकून बघायचं, दोन-चार डॉलर (न्यूझीलंडचे) लागतात. जमीन घेण्याआधी सातबाऱ्यावर बोजा बघतो ना, अगदी तेच. फरक एवढाच की तिथं उतारा काढा म्हणून कुणी सांगत नाही.

दुसरा बोजा डिझेलचा. न्यूझीलंडमध्ये पेट्रोलवरचा रस्ताकर पंपावरच कापला जातो. डिझेलवर तो नसतो, त्याऐवजी किलोमीटर आगाऊ विकत घ्यायचे असतात. याला आरयूसी म्हणतात. साडेतीन टनांच्या आतल्या गाडीला हजार किलोमीटरला ७६ डॉलर आणि वर थोडी फी. काचेवर एक चिठ्ठी असते, तिच्यावर कितीपर्यंतचे किलोमीटर भरलेत ते छापलेलं असतं. मी चिठ्ठी वाचली, मग वाकून मीटर वाचला. मीटर ३,२०० किलोमीटर पुढं होता! विकणारं जोडपं डच, वागायला सज्जन, चार दिवसांनी त्यांचं विमान. त्यांना खरंच माहीत नव्हतं की काणाडोळा केला, देव जाणे. पण ही थकबाकी गाडीबरोबर येते, नव्या माणसाच्या गळ्यात पडते. मी बोट दाखवल्यावर ते २९ हजारांवरून साडेसत्तावीस हजार डॉलरवर आले आणि मी स्वतःला फार हुशार समजलो.

ही हुशारी कुठं उतरली ते सांगतो, कारण पैसे इथंच जातात. डब्ल्यूओएफ, म्हणजे तिथलं फिटनेसचं वॉरंट, विकताना एक महिन्याच्या आतलं लागतं. जुनं झालं असेल तर विकणारा "जशी आहे तशी" असं तुमच्याकडून लिहून घ्यायला बघतो. सही करू नका, नवं काढून द्या म्हणा. माझ्या गाडीचं सहा दिवसांपूर्वीचं होतं, मी खूश. पण ते वॉरंट ब्रेक, टायर, दिवे, सुरक्षेच्या जागचा गंज असल्या गोष्टी बघतं. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स बघत नाही. आणि आत जे घर आहे, पलंग, ओटा, छताची खिडकी, ते तर नाहीच. छताच्या खिडकीखालच्या प्लायला नवा कोरा भिंतकागद चिकटवलेला होता, पांढऱ्यावर बारीक पानं. हिला तर तो फारच आवडला. दहाव्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावर गेलो, तिथं पाऊस म्हणजे पाऊस, आपल्याकडं अख्ख्या हंगामात पडत नाही एवढा दोन रात्रींत. सकाळी त्या पानांना फुगा आलेला. अंगठा दाबला तर चहात बुडवलेल्या खारीसारखा आत गेला. खिडकीची रबरी पट्टी काढून सील बदलणं, कुजलेला प्लाय कापून नवा घालणं, ९०० डॉलर. सोलापूरच्या माणसाला ओल ओळखता येत नाही हो, आपल्या भिंती बारा महिने तापलेल्या.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा अंगठा घेऊन जा. खिडक्यांभोवती, छताच्या कोपऱ्यांत, कपाटाच्या मागं, पलंग उचलून खाली, सगळीकडं दाबून बघा. नाक लावा; ओलीचा वास अगरबत्तीनं जात नाही. नवा रंग, नवा पडदा, नवा कागद एकाच जागी दिसला तर तिथं दोनदा दाबा. शे-दोनशे डॉलर देऊन विकत घेण्याआधीची तपासणी करून घेता येते आणि ओलीची तपासणीही सांगून घेता येते. मी ते दोनशे वाचवले होते.

आता शौचालय. हसू नका, गाडीची किंमत यावर ठरते. फुकटच्या जागी मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी "सेल्फ-कंटेन्ड" हवी, म्हणजे पाणी, सांडपाणी, शौचालय सगळं आतल्या आत. पूर्वी पलंगाखाली सरकवलेला सुटा डबा चालायचा, त्यावर सेल्फ-कंटेन्डचं निळं वॉरंट मिळायचं. २०२३मध्ये कायदा बदलला. आता शौचालय गाडीत कायमचं बसवलेलं पाहिजे आणि वॉरंट हिरवं. खासगी गाड्यांच्या निळ्या वॉरंटची मुदत ७ जून २०२६ पर्यंतचीच. तुम्ही जाल तेव्हा कुणी निळ्यावर भाव सांगू लागलं तर सरळ उठून या. हिरवंच घ्या आणि ते नंबरानिशी ऑनलाइन नोंदीत आहे का तेही बघा. कॅम्पात विजेची तार जोडायची तर वेगळं इलेक्ट्रिकल वॉरंट लागतं, चार वर्षं चालतं. तेही मागून घ्या.

पैसे पाठवणं मला गाडी निवडण्यापेक्षा जड गेलं. बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म भरताना टेबलापलीकडच्या मुलानं विचारलं, "काका, कारण काय लिहू? परदेशात गाडी? तुम्ही तर फिरायला चाललाय." करार, चेसिस नंबर, विकणाऱ्याचा खाते क्रमांक अशी सगळी कागदं त्याला नंतर तिथून मेल केली. पैसे पोचायला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस डच जोडपं आणि आम्ही एकाच कॅम्पात एकमेकांकडं बघत चहा पीत होतो. त्यामुळं बँकेशी निघण्याआधीच बोलून ठेवा. एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर पाठवता येतात, तो प्रश्न नाही, प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पाठवतानाच बँक कापते त्या कराचा. आम्ही गेलो तेव्हा सात लाखांवर २० टक्के कापत होते, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली. मर्यादा माणशी असते, म्हणून निम्मे माझ्या खात्यातून, निम्मे हिच्या. पण फॉरेक्स कार्डावर टाकलेले पैसेही त्याच मर्यादेत मोजतात हे लक्षात न आल्यानं पुढं थोडा कापला गेलाच. रिटर्न भरल्यावर जमा धरतात, बुडत नाही, पण प्रवासात तेवढे पैसे अडकतात.

पत्ता कुठला द्यायचा, हेही तुम्हाला पडेल. तिथं ओळखीचं कुणी असेल तर उत्तम. आमचं कुणी नव्हतं. पहिले आठ दिवस ज्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे पैसे देऊन राहायच्या कॅम्पात, होतो, तिथल्या बाईंना विचारून त्यांचा पत्ता दिला. नोंदणीचा कागद टपालानं तिथंच येतो. टोलच्या नोटिसाही तिथंच जातात. उत्तर बेटावर तीन टोल रस्ते आहेत, नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पाच दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. मी एक विसरलो. त्या बाईंनी पाकिटाचा फोटो काढून पाठवला म्हणून कळलं. त्यांना सोलापुरी चादर भेट दिली ती वसूल झाली म्हणायची.

लायसन्सचं सोपं आहे. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं, ते चालतं. तरी आरटीओतून हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्या, वर्षभर चालतं, विमावाल्यांना बरं वाटतं. गाडी डावीकडूनच चालवायची आहे. विमा सक्तीचा नाही, हे ऐकून आपल्या माणसाला आनंद होतो, पण घ्याच. अपघातात माणसाला लागलं तर उपचाराचं एसीसी ही तिथली सरकारी अपघात योजना बघते. पण तुम्ही कुणाची नवी कोरी गाडी ठोकली तर ते बिल तुमचं. भारतीय लायसन्स बघून एका कंपनीनं नकार दिला, दुसरीनं दिला विमा.

खाण्याचं सामान नेणारच आहात, मी काय सांगणार. पण विमानतळावरच्या फॉर्मवर सगळं लिहा. न लिहिलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर. आम्ही शेंगा चटणी आणि कडक भाकरी दोन्ही लिहिलं. अधिकाऱ्यानं भाकरी उलटीपालटी करून बघितली, वाजवून बघितली आणि परत दिली.

युरोपबद्दल एवढंच, की शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत मिळून, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्हणजे तुमचे चार महिने तिथंच बसत नाहीत. जर्मनीत गाडी नावावर करायला तिथला नोंदलेला पत्ता किंवा तिथं राहणारा प्रतिनिधी लागतो, शिवाय आधी विमा कंपनीकडून विमा असल्याचा कोड. स्टिअरिंग डावीकडं. आणि साध्या लायसन्सवर साडेतीन टनांच्या वरची गाडी चालवता येत नाही, मोठी मोटरहोम सामानासकट तेवढी सहज होते. तिकडे मुलगा-मुलगी असेल तर गोष्ट वेगळी.

विकण्याचा मुहूर्त आधी धरा आणि मग विमानाचं तिकीट काढा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे घ्यायला येतात तेव्हा भाव चढा, मार्च-एप्रिलमध्ये सगळे विकायला काढतात तेव्हा पडतो. ट्रेड मी या साइटवर जाहिरात टाकून हातात तीन आठवडे ठेवा. आम्ही सतरा दिवस ठेवले होते आणि शेवटच्या आठवड्यात झोप उडाली होती. २३ हजारांना गेली. घेतली-विकलीतला फरक, दुरुस्ती, विमा, थकबाकी सगळं धरून सात हजार डॉलरच्या आत, साधारण साडेतीन लाख रुपये. भाड्यानं आम्हाला दिवसाला १८० डॉलर सांगितले होते, त्या हिशेबानं साडेआठ लाख झाले असते. डिझेल दोन्हीकडं वेगळंच.

घ्यायला आलेला पोरगा पंचविशीचा, मेकॅनिक. निळ्या वॉरंटचे दिवस भरत आलेत म्हणून त्यानं आधीच हजार पाडले होते. आत शिरला, वर बघितलं आणि थेट छताच्या खिडकीखाली अंगठा नेला. मी म्हटलं, "तिथला प्लाय नवा आहे, हे बिल." त्यानं बिल वाचलं, तरी दाबलाच. मग पैसे टाकले. पैसे खात्यात दिसल्यावर चावी दिली आणि तिथंच पार्किंगमध्ये उभं राहून फोनवरून "गाडी विकली" ही नोंद केली. ती त्याच दिवशी करा, नाहीतर पुढचा टोल आणि दंड तुमच्या नावानं निघतो आणि त्या हॉलिडे पार्कवाल्या बाईंना पाकिटं येत राहतात.