बिल्डरकडे थेट जायचं, की आपला माणूस सोबत घेऊन?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर खासगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. जुळे सोलापुरात बांधकाम संपत आलेल्या इमारतीत टू बीएचके बघितला. सेलेबल (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून) १,०५० चौरस फूट, कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापराची जागा) ७३५. दर ४,४००, म्हणजे ४६ लाख २० हजार. पार्किंग, मीटर सगळं त्यात धरून. ताबा सहा महिन्यांनी. आम्ही आमचे आम्हीच दोनदा जाऊन आलो. तिथल्या ऑफिसातले म्हणतात, मध्ये एजंट आणू नका, थेट आलात तर फुटामागे १०० रुपये सोडतो. इकडे मावसभावाच्या ओळखीचे एक एजंट म्हणतात, ‘ताई, मी तुमच्या बाजूने बसतो, एक टक्का द्या.’ हाताशी १४ लाख आहेत, बाकीचं कर्ज. नव्या घराला एजंट कशाला, असं मिस्टरांचं म्हणणं आहे. हे ४६ हजार वाचवावेत की द्यावेत?

उत्तर: ताई, आधी हिशेब करू, एजंटचं मग बघू.

फुटामागे १०० रुपये सोडले, म्हणजे १ लाख ५ हजार कमी झाले. राहिले ४५ लाख १५ हजार. आता या आकड्याकडे नीट बघा. महापालिकेकडून बांधकाम पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नाही अशा घरावर जीएसटी ५ टक्के लागतो. मात्र सोलापूरसारख्या शहरात कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि बिल्डरने घेतलेली एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल, तर तोच कर १ टक्का होतो. १ एप्रिल २०१९ पासून हे असंच आहे. तुमचं कार्पेट साधारण ६८ चौरस मीटर भरतं, म्हणजे ती अट पार. अडलंय ते वरच्या १५ हजारांवर. ४५ लाख १५ हजारांवर कर होतो २ लाख २५ हजार ७५०. बरोबर ४५ लाखांवर होतो ४५ हजार. बिल्डरने आणखी १५ हजार सोडले की तुमचे १ लाख ९५ हजार ७५० रुपये वाचतात.

यात बिल्डरचं १५ हजारांपलीकडे काही जात नाही. कर तो तुमच्याकडून घेऊन सरकारला भरतो. मग ऑफिसातल्या माणसाने हे तुम्हाला का सांगितलं नाही? त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याला तो विचार करायचं कारणच नव्हतं. त्याचा पगार, त्याचं इन्सेंटिव्ह, त्याचा साहेब, सगळे टेबलाच्या पलीकडे. तुमच्या बाजूच्या खुर्चीत बसून कागदावर आकडे मांडणारं कोणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे तर तुम्हीच सांगितलंत, तेही फुकट. खरं आहे. एवढ्यासाठी एजंट घ्या असं मी सांगणारही नाही. फक्त एक सांभाळा. ४५ लाखांत पार्किंग, मीटर, ‘डेव्हलपमेंट’, ‘इन्फ्रा’ असं बिल्डर लावेल ते सगळं आलं पाहिजे. दर खाली दाखवून पार्किंगची पावती वेगळी फाडली, तर कर मोजताना ते पुन्हा एकत्र येतं. आणि ‘४५ चेकने, वरचे रोख’ असा प्रस्ताव आला तर सरळ उठा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे. शिवाय त्या रोखीची पावती तुमच्या हातात कधीच पडत नाही.

आता मिस्टरांचा प्रश्न. घर नवं, मालक एकच, भाव छापील, मग मध्ये माणूस कशाला?

जुन्या घराला एजंट लागतो तो घर शोधायला. नव्या घराला लागतो तो घर सापडल्यानंतर, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नव्या इमारतीत करारनामा बिल्डरच्या वकिलाने लिहिलेला असतो, नकाशा बिल्डरच्या आर्किटेक्टचा, बरेचदा कर्जाचा माणूससुद्धा बिल्डरच्याच ऑफिसात बसलेला. बँक कागद तपासते, पण ती तिच्या कर्जापुरते तपासते. ‘अमुक बँकेचं अप्रूव्हल आहे’ याचा अर्थ तुमच्या पार्किंगची जागा कोणी मोजून बघितली असा होत नाही.

पार्किंगवरून आठवलं. मी स्वतःचा पहिला फ्लॅट विजापूर रोडला घेतला तेव्हा माझ्याबरोबर एक एजंट होता. ‘तुमच्याकडून एक रुपया नको’ म्हणाला. मी खूश. त्याची दलाली बिल्डर देत होता, हे मला खरेदीच्या दिवशी कळलं. जिन्याशेजारची पार्किंगची जागा तोंडी माझी होती, करारनाम्यात मात्र ‘उपलब्धतेनुसार’ एवढाच शब्द. तीन वर्षं स्कूटर रस्त्यावर लिंबाखाली लावली. सीटवर पाखरांचा प्रसाद रोजचा. आकडेमोड हाच माझा धंदा, तरी मी तो एक शब्द वाचला नव्हता.

म्हणून माझा पहिला सवाल एजंटच्या टक्क्याचा नाही, त्याला पैसे कोण देतो याचा आहे. नव्या प्रकल्पांत बिल्डर ‘चॅनल पार्टनर’ना, म्हणजे त्याच्यासाठी गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटांना, दलाली देतो आणि ती त्याने भावात आधीच धरलेली असते. तुम्हाला सोडतोय ते १०० रुपये बहुधा त्याच थैलीतले. तुमचे एजंट याच बिल्डरचे चॅनल पार्टनर असतील, तर ते तुमच्याकडून एक टक्का आणि तिकडून आणखी काही घेणार. दोन दगडांवर पाय ठेवलेला माणूस बोलणी ताणत नाही, लवकर संपवतो.

पण तुमच्या बाबतीत एक गोष्ट आपोआप चांगली झाली आहे. तुम्ही दोनदा थेट गेलात, नाव-नंबर लिहून आलात. बिल्डरच्या वहीत तुम्ही ‘डायरेक्ट’ म्हणून चढलात. अशा गिऱ्हाइकाच्या मागून आलेल्या एजंटला बिल्डर सहसा दलाली देत नाही. म्हणजे हा माणूस कमावणार तो फक्त तुमच्याकडून. तसं लेखी घ्या: ‘या व्यवहारात बिल्डरकडून कोणताही मोबदला घेतलेला नाही व घेणार नाही.’ दोन ओळी पुरतात. सही करताना त्यांचा हात थांबला, तर तुम्हाला उत्तर मिळालं आणि ४६ हजारही वाचले. दुसरं, त्यांचा महारेरा (घरबांधणी प्रकल्पांच्या रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकण्या-घेण्यात मध्यस्थी करायला ती नोंदणी लागतेच आणि महाराष्ट्रात आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. ‘नंबर काढायचाय’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

टक्का मात्र देऊ नका. टक्केवारीत गोम अशी, की घर जितकं महाग जाईल तितकं त्यांना जास्त मिळतं, आणि तुम्ही त्यांना नेमताय ते भाव पाडायला. ठरीव रक्कम सांगा. तुमच्या व्यवहाराला २५ ते ३० हजार मला रास्त वाटतात, तेही तीन हप्त्यांत: थोडे सुरुवातीला, थोडे करारनाम्याची नोंदणी झाल्यावर, उरलेले किल्ली हातात आल्यावर. शेवटचा हप्ता मोठा ठेवा. ताब्याच्या दिवशी नळ, फरशीचा उतार, खिडक्यांच्या फटी बघायला कोणीतरी तुमच्या बाजूने तिथे उभं असायला हवं. रेरा कायद्यात ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. पण दोष पहिल्याच दिवशी लिहून ठेवलेला असला की पुढचा वाद निम्मा मिटतो.

या पैशात त्यांच्याकडून काय काम घ्यायचं? पहिलं, भाव कार्पेटवर बोलायचा. ‘सेलेबल’ हा शब्द कायद्यात नाही. रेरात विक्री कार्पेटवर आहे. तुमचे ४६ लाख २० हजार भागिले ७३५ म्हणजे फुटाला ६,२८६ रुपये. शेजारच्या दोन-तीन इमारतींचे असेच आकडे काढून आणायला सांगा. आणि जाहिरातीतले नकोत, नोंदवलेल्या दस्तांतले आणा म्हणावं. सोलापुरात फिरणाऱ्या एजंटला ते मिळवणं अवघड नाही, तुम्हाला शाळा सांभाळून जमणार नाही.

दुसरं, पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे मी सोलापूरकराला काय सांगणार! तरी लोक मॉड्युलर किचन बघून येतात आणि जमिनीखालची टाकी किती लिटरची हे विचारत नाहीत. फ्लॅट किती, टाकी किती, बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, गेल्या मे महिन्यात टँकर किती आले. हे वॉचमनला विचारायचं, ऑफिसात नाही. चांगला एजंट वॉचमनशी बोलतो.

तिसरं, परवाने. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजूर नकाशा, ताब्याची जाहीर केलेली तारीख, जमिनीवरचा बोजा हे सगळं दिसतं. तोंडी ‘सहा महिने’ आणि तिथली तारीख जुळते का बघा, कारण उशीर झाला तर व्याज मागायचा हक्क करारातल्या तारखेवरून मोजला जातो. होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपासच्या पट्ट्यात इमारतीच्या उंचीची परवानगीही बघावी लागते. साखर कारखान्याची चिमणी २०२३ साली पाडली गेली ती याच कारणाने, हे सगळ्या गावाने बघितलंय. मंजूर मजले किती आणि उभे किती, एवढं मोजायला इंजिनिअरसुद्धा लागत नाही.

वकील मात्र वेगळाच घ्या. एजंटच्या ओळखीचा नको, बिल्डरच्या तर नकोच. सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि करारनाम्याचं वाचन हे एजंटचं काम नाही, आणि एखादा एजंट ‘ते पण मीच बघतो’ म्हणाला तर मी सावध होतो. पैसे फार कमी पडत असतील आणि दोघांतला एकच परवडत असेल, तर एजंट सोडा, वकील ठेवा.

आता तुमचे १४ लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्यात धरता येत नाही. ४५ लाख १५ हजारांना घेतलंत तर: स्वतःचे ९ लाख ३ हजार, सहा टक्क्यांनी मुद्रांक शुल्क २ लाख ७१ हजार, नोंदणी ३० हजार, जीएसटी २ लाख २६ हजार. बेरीज १४ लाख ३० हजार. म्हणजे पडदे लावायच्या आधीच तुम्ही ३० हजारांनी उणे. तेच ४५ लाखांना घेतलंत तर १२ लाख ४५ हजार. त्यातून एजंट आणि वकील दिले तरी लाखभर हाती राहतात. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळून आणखी ४५ हजार सुटतात. पण दोघांचं नाव टाकलं की ती सवलत जाते. मिस्टरांचे हप्ते जाणार आणि नाव नाही, हे घरात बसून मोकळेपणाने बोलून ठरवा. त्यात मी पडत नाही.

लाखभर शिल्लक ही मला तरी कमीच वाटते. खासगी दवाखान्यातल्या नोकरीवर दोन-तीन महिने गंडांतर आलं तर हप्ता कुठून भरायचा? म्हणून एक तिसरी वाटही एजंटकडून चाचपून घ्या. पूर्णत्वाचा दाखला आल्यानंतर व्यवहार केला आणि सगळे पैसे त्यानंतरच दिले, तर जीएसटी शून्य. सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. बिल्डर म्हणेल, तोवर फ्लॅट राहणार नाही. किती फ्लॅट विकले गेले हे महारेरावर दिसतं. बरेच शिल्लक असतील तर त्या म्हणण्याला फार घाबरू नका. दोनच उरले असतील आणि घर मनात भरलं असेल, तर ४५ लाखांना, सगळं धरून, घ्या. ताबा मिळेपर्यंतच्या सहा महिन्यांत तुमची शिल्लकही थोडी वाढेल.

आणि करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर मागू शकत नाही, कायदाच तसा आहे. टोकन म्हणून ५१ हजार, १ लाख दिले जातात ते याच्या आतलेच, पण व्यवहार मोडला तर ते परत कधी आणि किती, हे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय तेही देऊ नका. रविवारी पुन्हा जाणार असाल तर दुपारी तीनला जा, पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत हात लावून बघा, आणि चेकबुक घरी ठेवा.