गार लागलं की दातातून कळ जाते, एका दाढेत काळा खड्डाही आहे. 'नॅनो' टूथपेस्टने दोन्ही बरं होईल का? (नागपूर)

कळ कमी होऊ शकते, खड्डा मात्र भरणार नाही. इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक आवरण) नुसतं पांढुरकं पडलंय तोवर त्यात खनिज परत बसू शकतं. एकदा भोक पडलं की कोणतीच पेस्ट दाताची भिंत उभी करत नाही.

आधी खोक्यावरच्या घटकांत 'हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट' आहे का ते बघा. इनॅमल याच खनिजाचं असतं. हिरडी उतरली की मुळाजवळचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यात १ ते ३ मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नळ्या असतात. गार लागलं की नळ्यांमधला द्रव हलतो आणि कळ जाते. पेस्टमधले या खनिजाचे १०० नॅनोमीटरहून (०.१ मायक्रॉनहून) बारीक कण या नळ्यांची तोंडं बुजवतात. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०२३ मध्ये टूथपेस्टमध्ये असे कण १० टक्क्यांपर्यंत सुरक्षित मानले, पण सुईसारखे लांब नसतील तरच.

वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश, दोन मिनिटं. नंतर फक्त थुंका. खळखळून चूळ भरलीत तर नुकतेच बसलेले कण पाण्याबरोबर जातात. फरक न पडण्याचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण आंबट. संत्र्याच्या रसाचा पीएच (जितका कमी, तितकं आंबट) ४ च्या आसपास असतो आणि इनॅमल साधारण ५.५ खालीच विरघळू लागतं. त्यामुळे संत्री किंवा लिंबू सरबतानंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका. तुम्हाला कीड लागतेच आहे, तेव्हा फ्लोराइड सोडू नका: सकाळी ही पेस्ट, रात्री फ्लोराइडची, असं मी सुचवेन. चार आठवड्यांत फरक कळायला हवा. गरम लागून ठणका मिनिटभर रेंगाळत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर नस सुजलेली असू शकते. तिथे पेस्टवर वेळ घालवू नका, रूट कॅनॉल लागेल का ते तपासून घ्या.

खड्ड्यासाठी डॉक्टर 'नॅनो फिलिंग' म्हणतील. ते नेहमीचं दाताच्या रंगाचं कंपोझिट फिलिंगच, फक्त आतले काचेसारखे कण फार बारीक. म्हणून चकाकी चांगली येते आणि टिकते. फिलिंग किती वर्षं राहील हे मात्र डॉक्टरांच्या हातावर ठरतं. कीड काढल्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड साधारण १५ सेकंद, धुणं, बाँडिंग (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव्य), मग २-२ मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर निळ्या लाइटने कडक करत. जाड थर एकदम भरला तर उजेड तळापर्यंत जात नाही, खालचा भाग कच्चा राहतो. अ‍ॅसिडनंतर लाळ लागली तर चिकटणं बिघडतं, कडेने फट पडते आणि तिथूनच पुन्हा कीड शिरते. म्हणून 'रबर डॅम (लाळ दूर ठेवणारी पातळ रबरी चादर) लावाल का?' हे आधीच विचारा. नॅनो कोणत्या कंपनीचं, यापेक्षा हा प्रश्न मोलाचा आहे.

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खात असाल तर तो आजच बंद करा. सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं, पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, किंवा तिखटाने आग होत असेल, तर फिलिंगच्याही आधी नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तोंड दाखवून या.