आकाशवाणी आणि नभोवाणी

'आकाशवाणी' हा शब्द 'ऑल इंडिया रेडिओ'चे भाषांतर म्हणून सरकारने घडवला का, आणि 'नभोवाणी' हा त्याचा निव्वळ प्रतिशब्द समजावा की दोहोंत काही भेद मानावा, असे एका वाचकाने विचारले आहे. 'ब्रिटनची आकाशवाणी' हा एका लेखातला प्रयोग त्यांना खटकला होता आणि त्यावरून ही शंका निघाली.

तो खटकला हे योग्यच झाले. 'आकाशवाणी' हे भारतातील एका संस्थेचे नाव आहे, म्हणजे विशेषनाम आहे. 'नभोवाणी' हे माध्यमाचे नाव आहे, म्हणजे सामान्यनाम आहे. ब्रिटनमध्ये नभोवाणी असते, आकाशवाणी नसते. विशेषनाम वेगळे दाखवणारे मोठे अक्षर देवनागरीत नसल्यामुळे हा भेद लेखकाने स्वतःच सांभाळावा लागतो.

आता भाषांतराची शंका. मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली हौसेने प्रक्षेपण सुरू केले, तेव्हापासून पुढची अनेक वर्षे या क्षेत्रातील सगळी नावे इंग्रजीच होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते ज्या कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले ती 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'. ती १९३० साली बुडाल्यावर सरकारने चालवायला घेतलेली सेवा 'इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस'. १९३५ मध्ये बीबीसीतून आलेले लायोनेल फील्डन या सेवेचे नियंत्रक झाले. त्यांना हे लांबलचक नाव मुळीच आवडत नव्हते. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, एका मेजवानीनंतर व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गाठून त्यांनी आपली अडचण मांडली आणि बोलता बोलता 'ऑल इंडिया' हे शब्द व्हाइसरॉयांच्याच तोंडून वदवून घेतले. नव्या नावाची आद्याक्षरे जुळवली की इंग्रजीत 'हवा' असा अर्थ होतो, याचा त्यांना विशेष आनंद झाला होता. ८ जून १९३६ पासून हे नाव रूढ झाले. हवेच्या जवळ आकाश आहे, म्हणून 'आकाशवाणी' हे त्याचेच देशी रूप असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे.

परंतु तो शब्द दिल्लीहून आलेला नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॅटचे प्रक्षेपण केंद्र उभारले. मुंबईच्या कंपनीचे यंत्र दीड किलोवॅटचे, म्हणजे त्याच्या पन्नासपट शक्तीचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपाचे मोल कळते. या खासगी केंद्राचे नाव 'आकाशवाणी'. ते सुचवण्याचे श्रेय कोणी गोपालस्वामींना देतात, तर कोणी कन्नड लेखक ना. कस्तुरी यांना. संस्थानी मुलखातील हे केंद्र स्वातंत्र्यानंतर ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले आणि १९५७ साली केंद्र सरकारने 'आकाशवाणी' हेच नाव साऱ्या देशासाठी स्वीकारले. नुसते भाषांतरच करायचे असते, तर ते 'अखिल भारतीय नभोवाणी' असे काहीतरी झाले असते.

हे नाव रवींद्रनाथ ठाकूर यांनी दिले, असेही वारंवार वाचनात येते. कोलकात्याच्या लघुलहरी केंद्रासाठी त्यांनी १९३८ साली लिहिलेल्या कवितेत हा शब्द आहे खरा, पण म्हैसूरचे केंद्र त्याआधीचे आहे. त्या कवितेची पहिलीच ओळ मात्र शब्दप्रेमीने थांबून पाहावी अशी आहे. पृथ्वीच्या अंगणातून आकाशवाणी उठली, ऐका, असे कवी म्हणतो. पुराणातली आकाशवाणी वरून खाली येते. इथे ती खालून वर गेली आहे. शब्दाचा अर्थ कुठल्या दिशेने वळला, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मूळ अर्थ आपल्याला कंसाच्या कथेतून परिचित आहे. देवकीला रथातून सासरी पोचवताना घोड्यांचे लगाम हाती धरलेल्या कंसाला तिच्या आठव्या अपत्याविषयी जी वाणी ऐकू आली, तिला भागवतात 'अशरीरवाक्' म्हटले आहे, म्हणजे देह नसलेली वाणी. बोलणारा दिसत नाही, बोलणे तेवढे ऐकू येते, एवढ्या एका साम्यावर म्हैसूरकरांनी जुना शब्द नव्या यंत्रावर बसवला आणि तो चपखल बसला. त्यातच 'शब्दगुणकम् आकाशम्' हे 'तर्कसंग्रह' या न्यायशास्त्राच्या संस्कृत ग्रंथातले लक्षण, म्हणजे आकाशाची व्याख्या, आपल्या परंपरेत मुरलेले होते. शब्द हा आकाशाचाच गुण मानला गेला होता. रेडिओच्या लहरी विद्युतचुंबकीय असतात, ध्वनीच्या नसतात, हे भौतिकशास्त्र त्या लक्षणात अर्थातच नाही; पण नाव रुचण्यासाठी कानाला आणि मनाला जे लागते ते त्यात होते.

मराठीने हे दोन अर्थ क्रियापदावरून नेमके वेगळे ठेवले आहेत. पुराणातली आकाशवाणी 'होते'. रेडिओची आकाशवाणी कधी होत नाही. आकाशवाणी 'बातम्या देते', आपण आकाशवाणी'वर' भाषण करतो, आकाशवाणी'वरून' गाणे ऐकतो. 'काल आकाशवाणी झाली' या वाक्याचा रेडिओशी संबंध कोणीही लावणार नाही. तसेच, घरातल्या यंत्राला आपण 'रेडिओ'च म्हणतो. 'आकाशवाणी दुरुस्तीला टाकली' असे कोणाच्या तोंडी येत नाही.

'नभोवाणी' हा शब्द अलीकडे मागे पडत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याच्यावाचून माध्यमासाठी सुटसुटीत मराठी शब्द उरत नाही, आणि मग 'खासगी आकाशवाणी'सारखे प्रयोग जन्माला येतात. २०२३ मध्ये तर प्रसार भारतीने इंग्रजीतही 'ऑल इंडिया रेडिओ'ऐवजी 'आकाशवाणी' म्हणण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ते आता अधिकच ठसठशीत विशेषनाम झाले आहे.

लेखनाविषयी एक सांगणे राहिले. 'नभवाणी' हे रूप अशुद्ध आहे. मूळ शब्द 'नभस्'. त्याच्या अंती विसर्ग होऊन पुढे मृदू व्यंजन आले की 'ओ' होतो, जसे मनोविकार, तपोवन, तसेच नभोवाणी. रेडिओवरील नाटकाला 'नभोनाट्य' म्हणतात तेही याच नियमाने.