डासात विषाणू सापडला, म्हणजे तो डास रोग पसरवतो का?

*डास आणि विषाणू या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.*

प्रश्न : राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आमच्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला सापडला. साथीच्या वेळी गावातले डास पकडून तपासायला नेतात. ज्या जातीत विषाणू मिळाला तीच जात रोग पसरवते असं धरायचं का? तपासतात तरी कसं? (सासवड)

नाही, तसं धरता येत नाही. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. रुग्णाला काल चावलेल्या मादीच्या पोटात रुग्णाचं रक्त असतं आणि त्या रक्तात विषाणू असतो. ती मादी वाटून पीसीआर केली तर चाचणी पॉझिटिव्ह येणारच. त्यावरून एवढंच कळतं, की तिने विषाणू गिळला. म्हणून गावातून आणलेल्या डासांमधून रक्ताने पोट फुगलेल्या माद्या आधी बाजूला काढतात, आणि उरलेल्यांचे जात व ठिकाण पाहून पंचवीस-पन्नासचे गट करतात. त्यात विषाणू मिळाला तर संशय बळावतो. गुन्हा मात्र अजून शाबीत होत नाही.

गिळलेला विषाणू पुढच्या माणसात उतरायचा तर त्याला चार अडथळे पार करावे लागतात. आधी मधल्या आतड्याच्या पेशींत शिरायचं आणि तिथे वाढायचं. मग आतड्याची भिंत ओलांडून शरीरातल्या द्रवात यायचं. त्यानंतर लाळग्रंथींत शिरायचं आणि शेवटी लाळेत उतरायचं. एखाद्या जातीत तो पहिल्याच पायरीवर अडतो, तर एखाद्या जातीत लाळग्रंथींपर्यंत पोचूनही बाहेर येत नाही. जिवंत विषाणू लाळेत आला, तरच ती जात रोग पसरवू शकते.

हे प्रयोगशाळेत बघतात ते असं. त्या गावातून अंडी किंवा अळ्या आणायच्या आणि त्यांच्या पहिल्या ते तिसऱ्या पिढीतल्या माद्या वापरायच्या. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वाढवलेले डास सोयीचे असतात, पण ते त्या गावचे राहिलेले नसतात. अळ्यांना कुत्र्याच्या बिस्किटांची पूड आणि यीस्ट देतात. ट्रेमध्ये गर्दी होऊ देत नाहीत, कारण दाटीत वाढलेल्या माद्या खुज्या निघतात आणि त्यांचे निकालही वेगळे येऊ शकतात. खोली २७-२८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० ते ८० टक्के ठेवायची.

पाच-सात दिवसांच्या माद्यांचं साखरपाणी २४ तास आधी काढून घ्यायचं. मग दोन भाग धुतलेल्या लाल रक्तपेशी, एक भाग विषाणूचं द्रावण आणि थोडं एटीपी असं मिश्रण करायचं. एटीपीमुळे डास भरपूर पितो. पेशी धुऊन घेणं आपल्याकडे फारच महत्त्वाचं, कारण रक्तदात्याला कधीतरी डेंग्यू होऊन गेला असेल तर त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं विषाणूला आधीच निकामी करू शकतात. हे रक्त छोट्या धातूच्या वाटीत ३७ अंशांवर ठेवतात आणि तिच्या तोंडावर पातळ ताणलेली पॅराफिल्म किंवा डुकराच्या आतड्याचा पापुद्रा बसवतात. माद्या जाळीच्या आतून त्या पापुद्र्याला चावतात. अर्धा ते एक तास पुरतो.

मग डास थंड प्लेटवर बधिर करून पोटं बघायची. पूर्ण भरलेलं पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद आणि ताठ दिसतं. तेवढ्याच माद्या ठेवायच्या, अर्धवट प्यालेल्या काढून टाकायच्या. उरलेल्या रक्तातला विषाणू त्याच वेळी पुन्हा मोजायचा. तासभराच्या उबेत तो बराच मेला असेल, तर डासांनी नक्की किती घेतला हे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही.

त्यानंतर १० टक्के साखरपाण्यावर ७, १४ आणि २१ दिवस थांबायचं. दर टप्प्याला काही माद्या घेऊन प्रत्येकीचे पाय आणि पंख काढून वेगळ्या नळीत ठेवायचे. सोंड बारीक टिपमध्ये सरकवायची. टिपमध्ये पाच-दहा मायक्रोलिटर सीरम असतं. अर्ध्या ते पाऊण तासात मादी त्यात लाळ सोडते. मग धड वेगळ्या नळीत घालायचं. धडात विषाणू असेल तर संसर्ग झाला, पाय-पंखांत असेल तर तो आतड्याबाहेर पडून अंगभर पसरला, आणि लाळेत असेल तर तो पुढे जाऊ शकतो.

लाळ पीसीआरला न देता जिवंत पेशींवर टाकून बघावी, कारण पीसीआरला मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सी६/३६ पेशींचं मूळ पुण्यात आहे. १९६७ साली तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (एनआयव्ही), के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या अळ्यांपासून जी पेशींची ओळ (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणारा पेशींचा वंश) तयार केली, तिचीच ही पुढे निवडलेली शाखा. आपल्या वाचकांना हे ठाऊक असायला हवं.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. ३० माद्या तपासल्या आणि एकीच्याही लाळेत विषाणू नाही. ‘ही जात विषाणू पसरवत नाही’ असं प्रबंधात लिहू का? (बारामती)

नका लिहू. ३० पैकी शून्य आले तर खरं प्रमाण शून्यापासून साधारण १० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. सोपा हिशेब असा, की शून्य निकाल आला की ३ ला नमुन्यांच्या संख्येने भागायचं. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. वरची मर्यादा ३ टक्क्यांवर आणायची तर १०० माद्या लागतील.

दुसरं म्हणजे, त्याच दिवशी, त्याच वाटीतलं रक्त, हमखास विषाणू पसरवणाऱ्या डासांच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या एखाद्या वसाहतीला पाजलं होतं का? उदाहरणार्थ एडिस इजिप्तीला? त्यांच्याही लाळेत काही आलं नसेल, तर दोष डासाचा नाही, रक्ताचा किंवा पद्धतीचा आहे. अशा तुलनेशिवाय आलेल्या शून्याला काहीच किंमत नाही.

पद्धत कुठे फसते ते सांगतो. फ्रीजरमधला विषाणू वितळवून वापरला की संसर्गाचं प्रमाण घटतं, म्हणून ताजा वाढवलेला घ्यावा. काही माद्या टिपमध्ये लाळच सोडत नाहीत. सीरमऐवजी खनिज तेल वापरलं तर सूक्ष्मदर्शकाखाली लाळेचा बारीक थेंब वेगळा दिसतो. लाळ सुटावी म्हणून छातीवर पायलोकार्पिनचा थेंबही लावतात. डासाच्या अंगावरचे जंतू आणि बुरशी पेशींचं भांडं खराब करतात, तेव्हा माध्यमात प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असू द्या. फक्त सातव्या दिवशी पाहिलं असेल, तर हळू वाढणारा विषाणू हातातून निसटलेला असू शकतो.

टक्केवारीत छेद कोणता, हेही स्पष्ट लिहा. समजा ४० माद्या प्याल्या, ३० मध्ये संसर्ग झाला, २० मध्ये तो अंगभर पसरला आणि ८ च्या लाळेत उतरला. मग ८ भागिले २० म्हणजे ४० टक्के हेही बरोबर, आणि ८ भागिले ४० म्हणजे २० टक्के हेही बरोबर. छेद न सांगता ‘४० टक्के’ लिहिलं की वाचणारा फसतो.

छातीत सुईने विषाणू टोचून ‘डास पॉझिटिव्ह’ दाखवायचा मोहही टाळा. त्यात आतड्याचा अडथळा मुळातच वगळला जातो.

प्रश्न : दोडामार्गकडे आमचा रबराचा मळा आहे. इथे घरातल्या डासांपेक्षा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे रानडासच जास्त चावतात. त्यांनी चिकुनगुनिया होतो का?

होतो. तो बहुधा एडिस अल्बोपिक्टस. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ दिसली तर तोच. एडिस इजिप्तीच्या पाठीवर वीणेसारखी नक्षी असते. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चिकुनगुनियाच्या विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनात एकच बदल झाला. ई-१ प्रथिनातल्या २२६ व्या जागी ॲलनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलं. एवढ्याने तो अल्बोपिक्टसच्या आतड्यात कितीतरी सहज शिरू लागला. २००७ मध्ये केरळात तोच बदल सापडला, आणि तिथेही रबराचे मळे आणि हाच डास होता. रोग पसरवण्याची क्षमता डास आणि विषाणू अशा दोघांची मिळून ठरते, त्यामुळे एकदा केलेली तपासणी कायमची पुरत नाही.

चीक काढायचं थांबलं की मळ्यातल्या वाट्या उलट्या करून ठेवा. पावसाळ्यात प्रत्येक वाटीत अळ्या होतात.

प्रश्न : मग गटारातल्या डासांनी झिका पसरतो का? आमच्याकडे तेच ढिगाने आहेत. (पिंपरी)

गटारात वाढतो तो क्युलेक्स क्विन्क्वेफॅशिएटस. ब्राझीलमधल्या साथीनंतर २०१६ पासून अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी त्याला झिकाचं रक्त पाजून पाहिलं. मोजक्या ठिकाणी लाळेत विषाणू मिळाल्याचं सांगितलं गेलं, पण बहुतेक ठिकाणी तो आतड्यापाशीच अडला. झिकासाठी लक्ष एडिसवरच हवं, म्हणजे घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यावर. गटारातला डास हत्तीरोग पसरवतो, तेव्हा त्याचा बंदोबस्त त्या कारणासाठी जरूर करा.

प्रयोगशाळेतली क्षमता आणि गावातला धोका यांत डासाचं आयुष्यही मोजावं लागतं. विषाणू लाळेत यायला दहा दिवस लागतात असं धरा. रोज १०० पैकी ९० माद्या जगत असतील, तर दहा दिवसांनी ३५ उरतात. रोज ८० च जगत असतील, तर जेमतेम ११. प्रौढ डास मारल्याने साथ आटोक्यात येते ती मुख्यतः म्हाताऱ्या माद्या कमी झाल्यामुळे.

प्रश्न : एचआयव्ही डासाने का पसरत नाही? (लातूर)

तो डासाच्या पेशींत शिरत नाही, वाढत नाही, रक्ताबरोबर पचून जातो. शिवाय सोंडेत रक्त ओढायची आणि लाळ सोडायची नळी वेगवेगळी असते, त्यामुळे आधीच्या माणसाचं रक्त दुसऱ्याला टोचलं जात नाही.

प्रश्न : शाळेतली मुलं अशा तपासणीत मदत करू शकतील का? (वाई)

विषाणूच्या कामाला नाही. ते काम एकामागे एक बंद होणाऱ्या दोन दारांच्या खोलीतच, प्रत्येक डास मोजून होतं. अंडी गोळा करायला मात्र मुलांची खरोखर मदत होते.

लिटरभराचा काळा डबा घ्या. निम्म्याच्या थोडं वर भोक पाडा, म्हणजे पाऊस पडला तरी पाणी त्यावर चढणार नाही. आतल्या बाजूने खरखरीत जाड कागदाची पट्टी लावा, तिचं खालचं टोक पाण्यात असू द्या. डबा सावलीत, जमिनीलगत ठेवा आणि त्यावर ठिकाण व तारीख लिहा. पट्टी पाचव्या दिवशी काढायचीच. आठवडा उलटला तर त्याच डब्यातून डास उडतील आणि आपणच गावात डास वाढवल्यासारखं होईल.

पाण्याच्या रेषेच्या जरा वर काळी, चकचकीत, तिळाहून लहान लांबट अंडी दिसतात. पट्टी लगेच उन्हात वाळवू नका. दोन-तीन दिवस दमट ठेवा, म्हणजे आतली अळी तयार होते. मग सावलीत हळूहळू सुकवा. घाईने वाळवलेली अंडी भिंगाखाली चेपलेली दिसतात, ती उबत नाहीत. नीट सुकलेली अंडी काही महिने टिकतात. पट्टी टिश्यू कागदात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि जिल्ह्याच्या हिवताप कार्यालयाला आधी विचारून मगच पाठवा. डबे धुताना आतली कड ब्रशने घासा, नुसतं पाणी ओतून दिलं तर चिकटलेली अंडी तिथेच राहतात.