एकाच अपाची सर्व्हरवर (साइट ब्राउझरला पोचवणारं सॉफ्टवेअर) एक साइट एचटीटीपीएस, दुसरी साधी एचटीटीपी. दुसरीच्या पत्त्याला एचटीटीपीएस लावलं की पहिलीच का उघडते?

हा घोळ मी ठाण्यात स्वतः घालून बसलोय. नौपाड्यातल्या एका मिठाईवाल्याची आणि घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीची साइट एकाच मशीनवर होती. एचटीटीपीएससाठी लागणारं, साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेट फक्त मिठाईवाल्याला. कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एचटीटीपीएसवाली लिंक टाकली आणि सेक्रेटरींचा फोन आला, "अहो, आधी ब्राउझर घाबरवतो, आणि तरी पुढे गेलं तर पुरणपोळीचे दर दिसतात!"

साधी एचटीटीपी पोर्ट ८० वर येते, एचटीटीपीएस पोर्ट ४४३ वर, आणि दोन्हींच्या व्हर्च्युअल होस्टच्या (म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या साइटच्या) याद्या वेगळ्या असतात. सोसायटीचं नाव फक्त ८० च्या यादीत होतं. ४४३ वर मागितलेलं नाव सापडलं नाही की अपाची हात वर करत नाही, तिथला पहिला होस्ट देऊन मोकळा होतो. उबुंटू लिनक्सवर पहिला म्हणजे फाइलच्या नावाच्या अक्षरक्रमाने पहिला.

"४४३ वरून ८० वर रीडायरेक्ट मारा" (म्हणजे ब्राउझरला साध्या पत्त्यावर धाडा) हा सल्ला हमखास मिळेल. त्याने ब्राउझरचा इशारा जात नाही. सर्टिफिकेटची तपासणी आधी होते, रीडायरेक्टचा निरोप नंतर पोचतो.

म्हणून ४४३ साठी ०००ने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल करा. त्यात स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट आणि सरळ ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ हे उत्तर. इशारा राहील, पण एकाच्या पत्त्यावर दुसऱ्याचं दुकान उघडणार नाही. मग ‘अपाचीसीटीएल’ या कमांडला कॅपिटल एसचा पर्याय देऊन चालवा, कुठल्या पोर्टवर डीफॉल्ट कोण ते समोर येतं. ‘नेमव्हर्च्युअलहोस्ट’ या सेटिंगची ओळ अपाची २.४ पासून लागत नाही, जुन्या लेखांतून उचलली असेल तर काढा. दोन्ही साइट एकाच डोमेनच्या सबडोमेन असतील तर मुख्य डोमेनवर एचएसटीएस (‘इथे एचटीटीपीएसनेच या’ असं ब्राउझरला सांगणारा हेडर) सबडोमेनसकट लावू नका. ज्या ब्राउझरने तो हेडर एकदा पाहिला, तो साधी साइट उघडायचंच नाकारतो.

खरं तर मी पुढे सोसायटीलाही लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट सर्टिफिकेट लावून टाकलं. तुम्हीही तेच करा, फक्त पडताळणीसाठी लागणारा पोर्ट ८० बंद करू नका. आज माझ्याकडे साधा होस्ट एकच उरलाय, रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या जुन्या हजेरी मशीनसाठी. त्याला एचटीटीपीएस कळत नाही आणि रीडायरेक्टही ते पाळत नाही.