विजय-पराभवाच्या नोंदीत सामान्य, पण प्रगत आकडेवारीत अव्वल ठरलेला असा बेसबॉल पिचरचा मोसम कोणता?

तुम्ही विचारलंय की, जिंकलेल्या सामन्यांची संख्या पाहून ज्याच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही, पण नव्या पद्धतीने मोजलं तर जो थेट वरच्या रांगेत जाऊन बसतो, असा एखादा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, सांगा. माझं उत्तर ठरलेलं आहे: बेन शीट्स, मिलवॉकी ब्रूअर्स, २००४. नोंद १२ विजय, १४ पराभव.

आधी ही विजय-पराभवाची भानगड समजून घ्या. क्रिकेटमध्ये संघ हरला म्हणून पाच बळी घेणाऱ्या गोलंदाजाच्या नावावर कुणी पराभव लिहीत नाही. बेसबॉलमध्ये लिहितात. सुरुवात करणाऱ्या पिचरने सामन्याच्या नऊपैकी किमान पाच इनिंग टाकल्या, संघ पुढे असताना तो बाहेर पडला आणि नंतर आलेल्यांनी ती आघाडी शेवटपर्यंत राखली, तरच विजय त्याच्या खात्यात. म्हणजे त्याने कितीही चांगलं टाकलं तरी स्वतःच्या फलंदाजांनी धावा केल्याच नाहीत तर सगळं मुसळ केरात. आणि २००४ च्या ब्रूअर्सनी अख्ख्या मोसमात ६३४ धावा केल्या. अमेरिकेतल्या दोन प्रमुख लीगपैकी त्यांच्या नॅशनल लीगमध्ये त्यांच्याहून कमी धावा फक्त ॲरिझोनाच्या होत्या. मोसमाच्या मध्यापर्यंत ४५-४१ असा बरा चाललेला हा संघ नंतर पार कोसळला आणि ६७-९४ वर येऊन थांबला.

आता शीट्सच्या शेजारी त्याच लीगमधला रॉय ओस्वाल्ट ठेवून बघा. ही जोडी मला फार आवडते, कारण योगायोगाने दोघांनीही त्या वर्षी बरोबर २३७ इनिंग टाकल्या. काम सारखंच, त्यामुळे तुलना सरळ होते. शीट्सचे स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक देऊन थेट बाद केलेले फलंदाज, २६४, ओस्वाल्टचे २०६. शीट्सने फुकटात पहिल्या बेसवर सोडलेले फलंदाज, म्हणजे वॉक, ३२, ओस्वाल्टचे ६२. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, म्हणजे ईआरए, शीट्सचा २.७० आणि ओस्वाल्टचा ३.४९. पण ओस्वाल्टच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोसनी ८०३ धावा केल्या होत्या, त्यामुळे त्याची नोंद झाली २०-१०. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात ओस्वाल्ट तिसरा आला. शीट्स आठवा, एकूण गुण १. म्हणजे ३२ मतदारांपैकी एकालाच तो आठवला, तोही तिसऱ्या पसंतीला. हे वाचताना मला आजही राग येतो.

ओस्वाल्ट वाईट होता असं अजिबात म्हणायचं नाही. तो उत्तम पिचर होता. पण त्या एका वर्षी शीट्स त्याच्याहून सरस होता, आणि हे कळायला ईआरएसुद्धा पुरेसा होता. प्रगत आकडेवारी त्याच्या एक पायरी पुढे जाते.

२००१ च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकाने एक धक्कादायक गोष्ट मांडली. चेंडू एकदा बॅटला लागून मैदानात गेला की त्यावर हिट मिळेल, म्हणजे फलंदाज सुखरूप बेसवर पोचेल, की तो बाद होईल, यावर पिचरचा ताबा आपण समजतो त्यापेक्षा फारच कमी असतो. क्षेत्ररक्षक किती चपळ आहेत, चेंडू कुठल्या फटीतून निघतो, यावर बरंच अवलंबून असतं. मग पिचरच्या हातात नक्की काय उरतं? स्ट्राइकआउट, वॉक, फलंदाजाच्या अंगावर मारलेले चेंडू आणि होम रन, म्हणजे बहुतेकदा थेट कुंपणापार गेलेले फटके. टॉम टँगो या दुसऱ्या अभ्यासकाने एवढ्यावरच बेतलेलं, क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून पिचरला मोजणारं एफआयपी हे माप रूढ केलं. शीट्ससाठी ते कागदावर सहज काढता येतं.

त्याने २५ होम रन दिले; प्रत्येकी १३ धरून ३२५. वॉक ३२ आणि अंगावर मारलेले ४, मिळून ३६. प्रत्येकी ३ प्रमाणे १०८. बेरीज ४३३. यातून स्ट्राइकआउटचे प्रत्येकी २, म्हणजे ५२८, वजा करायचे. उत्तर येतं उणे ९५. त्याला २३७ इनिंगने भागलं की उणे ०.४०. शेवटी हा आकडा ईआरएच्या पट्टीवर आणण्यासाठी त्या वर्षीचा स्थिरांक मिळवायचा, तो साधारण ३.०५. एफआयपी २.६५.

बघा, २.७० आणि २.६५. त्याचा ईआरए नशिबाने किंवा क्षेत्ररक्षकांच्या कृपेने खाली आलेला नव्हता, तो कमावलेला होता. तोही अशा काळात, जेव्हा होम रनचा नुसता पाऊस पडत होता आणि लीगचा सरासरी ईआरए चारच्या वर होता. कच्चा दुवा शोधायचाच तर ते २५ होम रन. शीट्स सतत स्ट्राइक टाकायचा, त्यामुळे अधूनमधून कुणीतरी चेंडू कुंपणापार भिरकवायचाच.

पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलका आकडा वेगळाच आहे: एका वॉकमागे स्ट्राइकआउट किती. शीट्सचे ८.२५. पुरस्कार जिंकणाऱ्या रॉजर क्लेमेन्सचे त्या वर्षी २.७६. दोन्ही लीगमधल्या नियमित पिचरांत शीट्सच्या जवळपास पोचलेला एकटा ॲरिझोनाचा रँडी जॉन्सन, आणि तोही ६.५९ वर. तेज फास्टबॉल आणि वरून धप्पकन खाली पडणारा कर्व्हबॉल, मुख्यतः या दोनच चेंडूंवर शीट्सने हे केलं. आदल्या वर्षी त्याचे स्ट्राइकआउट फक्त १५७ होते आणि ईआरए ४.४५, हे लक्षात घेतलं की ती झेप केवढी होती ते कळतं.

एकच सामना शोधून बघायचा असेल तर १६ मे २००४, ब्रूअर्सचं मैदान मिलर पार्क, समोर अटलांटा ब्रेव्ह्ज. शीट्सने पूर्ण सामना टाकला आणि १८ जणांना स्ट्राइकआउट केलं. एकूण २७ बादपैकी १८ एकट्याचे. बाकीच्या आठ खेळाडूंना मैदानात जेमतेम नऊ बादांपुरतं काम. ब्रूअर्सचा आधीचा विक्रम मूस हासच्या १४ चा होता. सामना ४-१ असा जिंकला. एवढं करूनही प्रकाशझोत त्याच्यावर दोनच दिवस राहिला, कारण १८ मे रोजी याच ब्रेव्ह्जविरुद्ध चाळीस वर्षांच्या जॉन्सनने परफेक्ट गेम टाकला, एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिलं नाही. मग शीट्सची कुणाला आठवण राहणार?

पुढे दुखापतींनी त्याला सोडलं नाही. २००८ मध्ये त्याने दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात नॅशनल लीगसाठी सुरुवात केली, पण ब्रूअर्स १९८२ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीला, पोचले तेव्हा कोपराच्या दुखापतीने तो बाहेर होता. त्यामुळे लोकांना त्याचं नाव आठवलं तरी ते सिडनी ऑलिंपिकसाठी आठवतं. तिथे २००० च्या अंतिम सामन्यात त्याने क्यूबाला एकही धाव न देता अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं होतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, २००४ चा पुरस्कार मी कुणाला दिला असता? शीट्सवर माझं कितीही प्रेम असलं तरी पहिलं मत जॉन्सनला: २४५.२ (म्हणजे २४५ आणि दोन तृतीयांश) इनिंग, २९० स्ट्राइकआउट, ईआरए २.६०, आणि त्याचा ॲरिझोनाचा संघ तर ब्रूअर्सपेक्षाही दुबळा. दुसरं मत शीट्सला. क्लेमेन्स तिसरा.